घडीतला दुसरा हात

प्रिय दाजी,

अपिलाची सुनावणी ठरल्याप्रमाणे येत्या सोमवारी सकाळीच आहे. वकीलबाईंचा काल फोन आला, पण माझा फोनवरच्या बातमीवर भरवसा नाही हे तुला माहीत आहे, म्हणून कामावरून सुटल्यावर अपील मंडळाच्या कचेरीत जाऊन विचारलं. खिडकीतल्या कारकुनानं कागदावरून बोट फिरवलं, माझ्या नावाशी थांबला आणि म्हणाला, "सोमवार. वेळेवर या. साक्षीदार असेल तर त्याला आधी आणून बसवा, मागाहून धावाधाव नको." म्हणजे पक्कं.

चारचौघांत तुला 'अहो दाजी' म्हणायचं, हे ताईच्या लग्नात आईनं मला बजावलं होतं. बराकीत ज्याच्या शेजारच्या खाटेवर वर्षानुवर्षं झोपलो, ज्याचे मोजे न विचारता घातले, त्याला एका दिवसात अहो-जाहो कसं करायचं? मग आपण मधला रस्ता काढला, दाजीही आणि तूही. पत्रातही तसंच चालवून घे.

आधी घरची खबर. आई ठीक आहे. शेजारणींना ती अजून सांगते, "पाठीमुळे घरी पाठवला त्याला, उडी मारताना पडला ना." त्यात खोटं काहीच नाही, फक्त मधलं एक पान गाळलंय. रोज सकाळी चहा झाला की ती सुईदोरा घेऊन माझ्यासमोर येते. "दिसत नाही रे, एवढं ओवून दे." घरात शिवण्यासारखं फाटकं आता काही उरलेलं नाही. मागे एकदा तर चांगला धडधाकट उशीचा अभ्रा उसवून पुन्हा शिवत बसली होती. मी दोरा ओवतो तेव्हा ती सुईकडे बघत नाही, माझ्या बोटांकडे बघते. एका फटक्यात ओवला गेला की "बरं" म्हणते आणि आत जाते. दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय सुटली त्याला आता वर्ष होत आलं. तिनं मला त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही आणि सुईचा नेम एक दिवस चुकवलेला नाही.

काम चालू आहे. ताडपत्र्या शिवायचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, दोन्ही टोकांना दारं, मधे मशिनी आणि डांबराचा वास. मालक तोंडाचा फटकळ, पण मनाचा बरा. नवीन होतो तेव्हा माझी घडी बघून सगळ्यांसमोर ओरडला होता, "अरे बाबा, ही ट्रकवर टाकायची आहे! ही घेऊन कोणी विमानातून उडी नाही मारणार!" सगळे हसले, मीही हसलो. त्याला कुठे माहीत होतं मी आधी काय करायचो? बोटांना कडेला कड जुळवल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, त्याला मी तरी काय करू. पुढे कोणीतरी त्याच्या कानावर घातलं. तेव्हापासून तो माझ्या घडीबद्दल काही बोलत नाही, आणि खरं सांगू, ते जास्त लागतं.

पायाचं मात्र लपवत नाही. डाव्या पायाची शेवटची बोटं आता मला कळतच नाहीत. परवा बाजारात चप्पल मागे राहिली आणि मी आपला तसाच पुढे चालत गेलो. एक सायकलवाला हाका मारत आला, "ओ काका, चप्पल!" काका म्हणाला मेला. डॉक्टर म्हणतात, मणक्यातली नस दबली आहे, शस्त्रक्रिया लवकर झाली तर पाय वाचेल, नाहीतर बधिरपणा वर सरकत जाईल आणि मग केली काय न केली काय. बाहेरच्या दवाखान्यात हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. लष्करी रुग्णालयात अशा पाठी रोज दुरुस्त होतात. पण पाठीमुळे सेवेतून मोकळं केलेल्याला तिथलं दार उघडं आहे आणि नशेमुळे काढून टाकलेल्याला बंद. पाठ तीच, पडलो तीच उडी. म्हणून हे अपील. नोकरी परत द्या असं मी म्हणतच नाही, ते शक्यही नाही. काढल्याचं कारण तेवढं बदला, एवढंच मागणं आहे.

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. खाली हवा भरायला लागले की वर त्यांच्या टेबलावरचे पेले किणकिणतात. बाई पूर्वी लष्कराच्याच कायदा विभागात होत्या, त्यामुळे गोड बोलायची सवय नाही. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "अशी अपिलं बहुतेक फेटाळतात. तुमच्या लघवीत गोळी सापडली हे आपण नाकारत नाही. मग उरलं काय?" मी सांगितलं, पडल्यावर औषध म्हणून आपल्याच दवाखान्यात सुरू झालेली गोळी, पुढे कंपाउंडरनं डोळे झाकून दिलेली, आणि त्यानं हात वर केल्यावर सामान आणणाऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेली. त्या म्हणाल्या, "ही तर सगळ्यांचीच गोष्ट आहे." मग त्यांनी मला काढल्याच्या हुकमातलं एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. अशा अवस्थेतल्या माणसानं बांधलेली पॅराशूट म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ, असं काहीतरी. चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "खेळ झाला का? एक तरी चुकीची निघाली?"

नाही, म्हटलं. एकही नाही.

तिथून त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. मला त्यांनी आपला पॅराशूट बांधायचा हॉल सगळा समजावून सांगायला लावला. मी सांगत बसलो, दाजी, आणि मलाच तो इतका स्पष्ट दिसायला लागला की बोलता बोलता हात हवेत चालत होते. लांब टेबलं, त्यावर पसरलेली छत्री. बाईंना आधी कळेना, छत्री कसली, मग म्हटलं, आम्ही पॅराशूटला छत्रीच म्हणतो. बांधणारा एका बाजूला, तपासनीस समोर, हात पाठीमागे बांधून. प्रत्येक टप्प्याला त्यानं नुसतं बघायचं, बोट लावायचं नाही. बरोबर असेल तर मान हलवायची, मग पुढचा टप्पा. शेवटी दोघांच्या सह्या. आणि आपला तो सगळ्यात मोठा नियम, जो उस्तादांनी पहिल्या दिवशी आपल्याला टेबलापाशी उभं करून शिकवला होता. एक छत्री, एक माणूस. घडी ज्यानं सुरू केली त्यानंच संपवायची. मधेच चक्कर आली, घरून तार आली, खुद्द मोठ्या साहेबांनी हाक मारली, काहीही होवो, टेबल सोडलं की ती छत्री पूर्ण उलगडायची आणि पहिल्यापासून घालायची. कारण पहिल्या माणसाचे हात कुठपर्यंत आले होते ते दुसऱ्याला नेमकं कधीच कळत नाही.

बाईंना हा नियम फार आवडला. "वा! म्हणजे तुमची सही असलेली प्रत्येक छत्री पहिल्या सुरकुतीपासून शेवटच्या गाठीपर्यंत तुमचीच." मी हो म्हटलं.

आणि मग त्या दुपारी मला आठवल्या, ज्या मी त्यांना सांगितल्या नाहीत.

पहिल्यांदा झालं तेव्हा दोऱ्या अर्ध्या लावून झाल्या होत्या. मी वाकलो तो वाकलोच. पाठीत असा काही चमका आला की टेबलाची कड धरून नुसता उभा राहिलो. तू समोर होतास. छत्री सोडली असती तर उलगडावी लागली असती, मी मागे पडलो असतो, साहेब आले असते, "काय झालं रे" विचारलं असतं, आणि डॉक्टरकडे पाठवलं असतं. तू पाठीमागचे हात सोडलेस, वळसा घालून माझ्या बाजूला आलास आणि राहिलेल्या दोऱ्या तू लावल्यास. झाल्यावर परत समोर जाऊन उभा राहिलास, हात मागे, आणि आपल्याच कामाकडे बघून मान हलवलीस. मला तेवढ्या दुखण्यातही हसू आलं होतं. नंतर नळावर हात धुताना तू म्हणालास, "बहीण दिलीस ते दिलीस, आता कामही माझ्याच गळ्यात मारतोस काय रे मेहुण्या?"

पुढे ते अंगवळणी पडलं. मी सुरू करायचो, जमेल तिथपर्यंत न्यायचो, तू दारावर नजर ठेवून उरलेली संपवायचास. बांधणारा म्हणून सही माझी, तपासनीस म्हणून तुझी. तुझ्यासारखी स्वच्छ घडी त्या हॉलमध्ये कोणाची नव्हती, त्यामुळे आपल्याला धोका असा कधी वाटलाच नाही. आपण फक्त उस्तादांचा नियम मोडत होतो, आणि तोही माझ्या पाठीसाठी. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणेल, त्यात एवढं काय, मदत केली. हॉलमधला कोणीही असं म्हणणार नाही. तिथे माझ्या गोळीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

तपासणीत मी सापडलो त्या दिवशी माझी सही असलेल्या सगळ्या छत्र्या मांडणीवरून खाली काढल्या. त्या उघडायचं काम तुलाच दिलं, हे मला ताईकडून कळलं. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि तू एकेक घडी उलट क्रमानं उलगडत होतास, तुझी स्वतःचीही. काय वाटलं असेल तुला, मी कधी विचारलं नाही. सगळ्या निर्दोष निघाल्या. चौकशीत मला पुन्हा पुन्हा विचारलं, "तुझ्या गोळ्यांचं कोणाला माहीत होतं?" मी कोणालाच नाही म्हणालो. तू दाराबाहेर बाकावर बसला होतास. तुला आत बोलावलंच नाही.

आता वकीलबाईंचा सगळा डाव त्या निर्दोष छत्र्यांवर आहे. त्या म्हणाल्या, नुसता अहवाल पुढे केला तर मंडळ बघणारही नाही, ज्यानं त्या उघडल्या तो माणूस समोर उभा पाहिजे. "एकच साक्षीदार द्या, पण बोलणारा द्या." मी तुझं नाव दिलं. तू लगेच हो म्हणालास, रजाही टाकलीस. त्या आठवड्यात मी जरा बरा झोपायला लागलो होतो, हे कबूल करतो. आईनं बहुतेक ओळखलं, कारण जेवताना दोनदा म्हणाली, "आज भूक आहे वाटतं."

मग गेल्या आठवड्यात बाईंनी तालीम घेतली. मला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं आणि त्या स्वतः लष्कराच्या बाजूचे अधिकारी झाल्या. आवाजच बदलला त्यांचा. "तुमच्या मेहुण्यांनी या छत्र्या उघडल्या? नात्यातल्या माणसानं? बरं. आणि या सगळ्या तुम्ही एकट्यानं बांधल्या होत्या?" मी म्हटलं, "हो साहेब, एकट्यानं." डोळा न हलवता. खाली टायरमध्ये हवा भरत होते, पेले वाजत होते, आणि बाई खूश होऊन म्हणाल्या, "उत्तम. हाच प्रश्न ते तुमच्या साक्षीदाराला विचारणार. त्यालाही असंच बोलायला सांगा."

जिना उतरताना मला तुझा विचार आला. मला ते जमलं, दाजी, कारण गोळ्यांच्या दिवसांत मी बाकी काही नाही तरी सरळ तोंडानं खोटं बोलायला शिकलो. पण तू? तू आमच्या घरी ताईला मागणी घालायला आला होतास तेव्हा आईनं आपलं गमतीनं विचारलं, "रागीट तर नाहीस ना रे?" दुसरा कोणी असता तर "छे छे" म्हणून हसला असता. तू नीट विचार केलास आणि म्हणालास, "येतो कधी कधी. आला की जेवत नाही." आईला तिथेच तू पसंत पडलास. तुझं तोंड खोटं बोललंच तर कान लाल होतात, सगळा हॉल पत्ते खेळताना तुझे पत्ते बघायचाच नाही, कान बघायचा.

तरी मी स्वतःला समजावत होतो. म्हटलं, प्रश्न विचारतीलच असं नाही. विचारला तरी तू कसाबसा निभावून नेशील. जवळजवळ पटलं होतं मला.

परवा ताई आली. येताना चिमणीला शाळेतून परस्पर घेऊन आली होती. पोरगी आल्या आल्या आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली आणि ताई माझ्यासमोर बसली. पाय दाखव म्हणाली. दाखवला. तिनं माझी शेवटची बोटं चिमटीत धरून दाबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी काही म्हणतोय का म्हणून. मी म्हटलं, "सोड, दुखतंय." ती म्हणाली, "खोटारड्या, तुला काही कळलंसुद्धा नाही." मग पदरानं नाक पुसलं आणि तुझ्याबद्दल सांगायला लागली. तू हल्ली जेवत नाहीस. सोमवारसाठी गणवेश स्वतः इस्त्री करून ठेवलायस, तिला हात लावू दिला नाहीस. आणि मग मला धीर द्यायला म्हणून म्हणाली, "तू अजिबात काळजी करू नकोस. ते म्हणालेत, तिथे उभा राहिलो की जे आहे ते सगळं सांगणार, काही हातचं राखणार नाही. त्यांचं ऐकल्यावर तुझं काम होणारच बघ."

बिचारीला काय माहीत. तुला राग आला की तू जेवत नाहीस, पण हा राग स्वतःवरच आहे ते मला कळलं. तू ठरवून चालला आहेस. त्या प्रश्नाची तू वाटच बघतो आहेस.

जे होईल ते मी बाईंकडून गोलगोल विचारून घेतलं, नाव न घेता, समजा एखाद्या तपासनिसानं असं केलं असेल तर, अशा थाटात. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तो तिथल्या तिथे गेला. खोटी सही. आणि त्याच्या सहीची प्रत्येक छत्री संशयात. आणि तुमचं अपील त्याच्याही आधी गेलं." मग पेन पुन्हा उचललं आणि तो तपासनीस कोण, हे मुद्दाम विचारलं नाही. हुशार बाई आहेत. तू खरं बोललास तरी माझा पाय वाचत नाही, दाजी. फक्त तुमचं घर जातं, चिमणीची शाळा जाते, आणि त्या हॉलमध्ये खरी स्वच्छ घडी घालणारा जो एक माणूस उरला आहे तोही जातो. आणि तू खोटं बोलावंस, असं सांगायची माझी हिंमत नाही. सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी तेही करायला गेला असतास, लाल कान घेऊन.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. आज सकाळी बाईंकडे जाऊन मी साक्षीदार म्हणून तुझं नाव काढून घेतलं, समोर बसून सही केली. त्या चिडल्या, "मग सोमवारी मंडळापुढे काय घेऊन जायचं, तुमचा चेहरा?" म्हटलं, चालेल. नाव कागदावर नाही, त्यामुळे तू आलास तरी तुला आत सोडणार नाहीत, तेव्हा येऊ नकोस. रजा रद्द कर आणि कामावर जा. आई उद्या तुमच्याकडे येते आहे, पाकीट तिच्या हाती देतो. वाचून झालं की फाडून टाक. ताईनं विचारलं तर सांग, मेहुण्यानंच येऊ नको म्हणून सांगितलं. हे खरंच आहे, तुझ्या कानांना त्रास होणार नाही. ती मला शिव्या घालेल, मी ऐकून घेईन. सोमवारी बाई बोलतील, लष्कराचा अधिकारी विचारेल साक्षीदार कोण, बाई सांगतील कोणी नाही. फार वेळ लागायचा नाही. यापुढे वर अपील नाही, असं बाई म्हणाल्या. निकाल तोंडी सांगत नाहीत, पोस्टानं येतो. येईल तेव्हा मी कारखान्यात असेन, पोस्टमनकडून तो आई घेईल. ती तो उघडणार नाही. मी आल्यावर लगेच देणारही नाही. आधी मला जेवू घालेल, मग देईल.

तुझाच,
मेहुणा